शिक्का एकाकडे, राजधानी दुसऱ्याकडे

वासुदेव बळवंत फडक्यांना जन्मठेप झाली आणि इंग्रजांनी त्यांची रवानगी एडनच्या तुरुंगात केली. तिथून ते एकदा निसटलेही, पण पुन्हा पकडले गेले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथंच त्यांचा अंत झाला. शाळेच्या पुस्तकात आपण एवढं वाचतो. एडनच का, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. जानेवारी १८३९ मध्ये मुंबई सरकारने पाठवलेल्या फौजेने हे बंदर जिंकलं आणि १९३२ पर्यंत त्याचा कारभार मुंबई इलाख्यातूनच चालला. तिथं रुपया चालायचा, व्यापारी मुंबईचे असायचे. मुंबईच्या पारशांनी तिथं अग्यारी बांधली होती. १९७६ मध्ये तिथला पवित्र अग्नी विमानाने मुंबईत आणून लोणावळ्याला नेला गेला.

हे एडन आज येमेनच्या ‘आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त’ सरकारची तात्पुरती राजधानी आहे. बातम्यांमध्ये हे विशेषण येतं आणि आपण पुढे सरकतो. पण गेल्या दहा वर्षांत येमेनमध्ये जे घडलं, त्याची किल्ली याच विशेषणात आहे. खरी राजधानी साना. ती आणि उत्तरेकडचा दाट वस्तीचा भाग हुथी बंडखोरांच्या ताब्यात आहे. देशातले बहुसंख्य लोक त्यांच्याच अमलाखाली राहतात. सरकारकडे उरलं आहे ते एडन, पूर्वेकडचा विरळ वस्तीचा मुलूख, संयुक्त राष्ट्रांतली खुर्ची, परदेशातल्या वकिलाती आणि शिक्का. या शिक्क्याच्या जोरावर ते जगाकडे मदत मागत आलं आहे. ती मागायची कशी, ती मिळाली की काय होतं आणि त्याची किंमत कोण मोजतं, हे मुंबईच्या उपनगरात राहणाऱ्याने समजून घ्यायला हवं. कारण त्या किमतीतला एक वाटा इथल्या घरांतून जातो.

हुथी हे उत्तरेकडच्या सादा प्रांतातले, शिया इस्लाममधल्या झैदी पंथाचे लोक. आपला भाग आणि आपला पंथ उपेक्षित राहिला, ही त्यांची मूळ तक्रार, आणि ती खोटी नव्हती. २००४ ते २०१० या काळात अध्यक्ष अली अब्दुल्ला सालेह यांच्या फौजेने त्यांच्याशी सहा युद्धं केली. त्याच वर्षांत सालेह अल-कायदाच्या नावाने अमेरिकेकडून पैसा आणि शस्त्रं घेत होते. मार्च २०१५ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याला कबूल करावं लागलं, की येमेनला दिलेल्या ५० कोटी डॉलरहून अधिक किमतीच्या लष्करी साहित्याचा आता हिशेब लागत नाही. मदतीची पहिली गोम इथंच आहे. सरकारला दिलेली बंदूक सरकारकडेच राहील याची हमी कुणी देऊ शकत नाही. सालेह यांचं पुढे काय झालं, तेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. २०१२ मध्ये खुर्ची सुटल्यावर त्यांनी ज्यांच्याशी सहा युद्धं केली त्याच हुथींशी हातमिळवणी केली आणि डिसेंबर २०१७ मध्ये त्यांच्याच हातून मारले गेले.

सालेह यांच्या जागी अब्द रब्बू मन्सूर हादी आले. निवडणूक झाली, पण उमेदवार एकच होता. मुदत दोन वर्षांची, ती आणखी एका वर्षाने वाढवली. २१ सप्टेंबर २०१४ रोजी हुथींनी साना घेतलं. २२ जानेवारी २०१५ रोजी हादींनी राजीनामा दिला, तेव्हा ते नजरकैदेत होते. महिन्याभराने ते एडनला निसटले आणि राजीनामा मागे घेतल्याचं जाहीर केलं. २४ मार्चला त्यांनी आखाती देशांना पत्र लिहिलं: आमच्या जनतेच्या रक्षणासाठी लष्करी मदतीसह जे लागेल ते करा. पत्रात संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतल्या ५१व्या कलमाचा, म्हणजे स्वसंरक्षणाच्या हक्काचा आधार घेतलेला होता. दोनच दिवसांत, २६ मार्चला, सौदी अरेबियाच्या नेतृत्वाखाली बॉम्बफेक सुरू झाली.

परक्या देशाच्या फौजेने सीमा ओलांडली की ते आक्रमण ठरतं. तिथल्या सरकारनेच बोलावलं असेल, तर ती मदत ठरते. त्यामुळे सगळा प्रश्न बोलावणारा खरंच सरकार आहे का, इथं येऊन थांबतो. मुदत संपलेला, राजीनामा देऊन मागे घेतलेला, राजधानी गमावलेला माणूस देशाच्या वतीने परक्या विमानांना आमंत्रण देऊ शकतो का? यावर कायद्याच्या अभ्यासकांत बराच वाद झाला. उत्तर सुरक्षा परिषदेने दिलं. १४ एप्रिल २०१५ च्या २२१६ क्रमांकाच्या ठरावाने हादींच्या वैधतेला पाठिंबा दिला आणि हुथींना शस्त्रं पुरवण्यावर बंदी घातली. बाजूने १४ मतं पडली, रशिया तटस्थ राहिला. पाकिस्तानलाही या युद्धासाठी सौदीचं बोलावणं होतं. तिथल्या संसदेने १० एप्रिलला एकमताने तटस्थ राहायचं ठरवलं. माझ्या मते त्या महिन्यातला तो सर्वांत शहाणा निर्णय होता.

कारण मदत आली ती मदत करणाऱ्यांच्या सोयीने आली. सौदीला आपल्या दक्षिण सीमेवर इराणचा मित्र नको होता. संयुक्त अरब अमिरातीला दक्षिणेकडची बंदरं महत्त्वाची वाटत होती. त्यांनी दक्षिण येमेन वेगळा मागणाऱ्या गटाला बळ दिलं, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये त्याच गटाने हादींच्या सरकारला एडनमधूनही बाहेर काढलं. मदतीला बोलावलेल्यांपैकी एकाने पोसलेला गट मदत मागणाऱ्यालाच घराबाहेर काढतो, यापेक्षा मोठी नामुष्की कुठली? मंत्री रियाधच्या हॉटेलांत राहिले आणि लोक बॉम्बखाली. इकडे इराणच्या मदतीने हुथींची क्षेपणास्त्रं आणि ड्रोन सुधारत गेले. एप्रिल २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मध्यस्थीने युद्धविराम झाला आणि हादींच्या जागी रशाद अल-अलिमी यांच्या अध्यक्षतेखाली आठ जणांची परिषद आली. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा अंदाज आहे, की २०२१ अखेरपर्यंत या युद्धाने ३ लाख ७७ हजार माणसं नेली. त्यांतली साठ टक्के लढाईत मेलेली नाहीत. भूक, रोगराई आणि मोडून पडलेल्या दवाखान्यांनी ती मेली.

शिक्क्याचा वापर शस्त्रासारखाही झाला. सप्टेंबर २०१६ मध्ये सरकारने मध्यवर्ती बँक सान्याहून एडनला हलवली. हुथींच्या तिजोरीची वाट बंद करायची, हा हेतू. झालं असं, की उत्तरेतल्या शिक्षकांचे, परिचारिकांचे, सफाई कामगारांचे पगार अडकले. पुढे देशात एकाच चलनाचे दोन भाव झाले. एडनचा रियाल घसरत गेला आणि सान्यात नव्या नोटा चालेनाशा झाल्या. जो देश आपल्या गव्हाची बहुतेक सगळी गरज आयातीने भागवतो, तिथं चलन घसरणं म्हणजे थेट भाकरी आखडणं. शिक्षकाला वर्षानुवर्षं पगार न देणाऱ्या सरकारला तो शिक्षक आपलं का म्हणेल? जगाची मान्यता ठरावाने मिळते. ही दुसरी मान्यता महिन्याच्या महिन्याला पगार देऊन मिळवावी लागते. येमेनच्या सरकारने पहिलीवर भिस्त ठेवली आणि दुसरी गमावली, असं मला ठामपणे वाटतं. हुथींच्या बाजूने बोलण्याचा यात प्रश्न नाही. त्यांच्या तुरुंगांत संयुक्त राष्ट्रांचे कर्मचारीसुद्धा आहेत, आणि पोरांच्या हातात बंदुका देण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही.

भारताने या सगळ्यात काय केलं? एप्रिल २०१५ मध्ये अंधेरी-पार्ल्याच्या मधल्या धावपट्टीवर हवाई दलाची सी-१७ विमानं येमेनहून सुटलेल्या माणसांना घेऊन उतरत होती. मोहिमेचं नाव ‘राहत’. आयएनएस सुमित्रा, आयएनएस मुंबई आणि आयएनएस तरकश एडन, होदेदा आणि अल मुकल्लापाशी गेल्या. एडनला गोळीबारामुळे आयएनएस मुंबईला धक्क्याला लागता आलं नाही, तेव्हा माणसं छोट्या होड्यांतून जहाजापर्यंत आणली. एअर इंडियाची विमानं सौदीने दिलेल्या ठरावीक वेळात सान्यात उतरून लोकांना जिबूतीला नेत होती. एकूण ५ हजार ६०० हून अधिक लोक बाहेर आले, त्यांत ४१ देशांचे सुमारे ९६० परदेशी. एकीकडे सौदीशी बोलणं, दुसरीकडे साना ज्यांच्या ताब्यात त्यांच्याकडून वाट मिळवणं, हे जमलं कारण आपण या युद्धात कुणाच्याच बाजूने उतरलेलो नव्हतो.

हे शहाणपण आपल्याला फुकट मिळालेलं नाही. ३ नोव्हेंबर १९८८ रोजी मालदीवचे अध्यक्ष गयूम यांनी भाडोत्री बंडखोरांविरुद्ध मदत मागितली आणि त्याच रात्री भारतीय छत्रीधारी सैनिक हुलहुले बेटावर उतरले. काम काही तासांत फत्ते झालं. मालदीवमध्ये सरकार जागेवर होतं, बंडखोर मूठभर आणि बाहेरून आलेले होते. त्याआधी एक वर्ष, जुलै १९८७ मध्ये, श्रीलंकेच्या सरकारशी करार करून आपण शांतिसेना पाठवली. तिथं बंडाची मुळं लोकांच्या तक्रारीत होती. मार्च १९९० मध्ये सेना परतली तेव्हा आपले सुमारे बाराशे जवान कामी आले होते. येमेन या दुसऱ्या जातीचा प्रश्न आहे, हे दिल्लीने ओळखलं. आपण एडनच्या सरकारला मान्यता देतो, त्याच्याशी संबंध ठेवतो, पण सैनिक पाठवत नाही.

या धोरणालाही मर्यादा आहेत. केरळच्या एका परिचारिकेला सान्यात फाशीची शिक्षा झाली आहे. १६ जुलै २०२५ ही तारीख ठरली होती, ती आदल्या दिवशी पुढे ढकलली गेली. आपले राजनैतिक संबंध ज्या सरकारशी आहेत, त्याचा त्या तुरुंगावर काडीचा अधिकार नाही. ज्यांच्या हाती तुरुंगाची चावी आहे, त्यांना आपण मानत नाही. मग धर्मगुरू, व्यापारी, ओळखीपाळखीची माणसं यांच्यामार्फत रदबदली करावी लागते. मान्यतेचा प्रश्न एका बाईच्या जिवाशी येऊन ठेपतो तो असा.

आणि तो लोकलच्या मार्गावरही येतो. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी हुथींनी गाझातल्या युद्धाचं कारण देत तांबड्या समुद्रात ‘गॅलक्सी लीडर’ हे जहाज हेलिकॉप्टरने उतरून पकडलं. ते गुजरातेतल्या पिपावावला निघालं होतं. बाब-एल-मांदेबची सामुद्रधुनी जेमतेम तीस किलोमीटर रुंद आहे. तिच्या एका काठावर क्षेपणास्त्रं घेऊन कुणी बसलं, की युरोपचा मालवाहू रस्ता आफ्रिकेला वळसा घालून जातो. न्हावा शेवा ते रॉटरडॅमच्या प्रवासात दहा-पंधरा दिवस वाढले. २०२४ च्या हंगामात नाशिकच्या द्राक्ष बागायतदारांनी त्याची झळ सोसली, कारण द्राक्ष कंटेनरमध्ये फार दिवस थांबत नाही. अमेरिका आणि ब्रिटनने १२ जानेवारी २०२४ पासून हुथींच्या ठाण्यांवर हल्ले केले. तेव्हा एडनच्या सरकारने पुन्हा तेच मागणं मांडलं: हवेतून मारून भागणार नाही, जमिनीवर लढणाऱ्या आमच्या फौजेला बळ द्या.

त्या जहाजांवर माणसं कुठली असतात? जगातल्या व्यापारी जहाजांवरच्या खलाशांत जवळपास दहावा हिस्सा भारतीयांचा आहे. २६ जानेवारी २०२४ रोजी ‘मार्लिन लुआंडा’ या तेलवाहू जहाजावर क्षेपणास्त्र आदळलं. त्यावर २२ भारतीय होते. आयएनएस विशाखापट्टणमच्या नौसैनिकांनी जाऊन आग विझवायला मदत केली. त्याआधी महिनाभर पोरबंदरच्या पश्चिमेला ‘केम प्लुटो’वर ड्रोन पडला होता. ते जहाज तटरक्षक दलाच्या सोबतीने मुंबईला आलं. ६ मार्च २०२४ रोजी ‘ट्रू कॉन्फिडन्स’ जहाजावरच्या हल्ल्यात तीन खलाशी मेले. बाकीच्यांना आयएनएस कोलकाताने उचललं.

भारतीय खलाशाचं नोंदणीपुस्तक (सीडीसी) आणि परीक्षा यांचा कारभार पाहणारं नौवहन महासंचालनालयाचं, म्हणजे डीजी शिपिंगचं ऑफिस कांजूरमार्ग पूर्वेला आहे. अंधेरी-कुर्ला रस्त्यावर आणि पवईत जहाजांवर माणसं पाठवणाऱ्या कंपन्यांची ऑफिसं आहेत. बोरिवली-मुलुंडच्या सोसायट्यांत ‘मुलगा शिपवर असतो’ हे वाक्य नवं नाही. अशा घरांसाठी एक गोष्ट महत्त्वाची आहे. कामगार संघटना आणि जहाजमालक यांच्यातल्या आंतरराष्ट्रीय करारात एखादा पट्टा युद्धसदृश क्षेत्र म्हणून जाहीर झाला, तर त्या करारातल्या जहाजावरच्या खलाशाला तिथं जायला नकार देता येतो. नकार दिला म्हणून नोकरी जात नाही आणि घरी पाठवण्याचा खर्च कंपनी करते. गेला, तर मूळ पगाराइतका जादा भत्ता आणि मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास दुप्पट भरपाई मिळते. त्यासाठी मुलगा कोणत्या करारावर सही करतो आहे, ते साइन-ऑनच्या, म्हणजे जहाजावर रुजू होण्याच्या आधी पाहावं. माणसं पाठवणाऱ्या कंपनीकडे डीजी शिपिंगचा खलाशी भरतीचा (आरपीएसएल) परवाना आहे का, हे त्यांच्याच संकेतस्थळावरच्या यादीत तपासता येतं. परवाना नसलेल्या एजंटाला काही लाख मोजून गेलेल्या मुलाला यातला एकही हक्क पदरात पाडून घेणं फार अवघड जातं, आणि जहाज तांबड्या समुद्रात शिरल्यावर तो प्रश्न विचारायला उशीर झालेला असतो.