पटसंख्येचा अर्थ : कोसबाडच्या शाळेचा दाखला

पटावर किती नावे आहेत, यावरून शाळेच्या कार्याचे मोजमाप करण्याची प्रथा रूढ आहे. परंतु पटावरील आकडा हा दाखल झालेल्या मुलांचा होय. वस्तीतील कोणते मूल बाहेर राहिले व का राहिले, हे त्यावरून कळत नाही. लहान प्रायोगिक शाळांच्या अभ्यासात तर हाच प्रश्न मुख्य ठरतो.

या दृष्टीने कोसबाडचा दाखला उद्बोधक आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्राचे कार्य आरंभिले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. पुढे हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाड टेकडीवर गेले. हा प्रदेश त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. येथील आदिवासी वस्ती प्रामुख्याने वारली जमातीची. शाळा उघडताच मुले येतील, ही अपेक्षा येथे पुरी पडण्यासारखी नव्हती. मुलगे गुरे राखण्यास जात; थोरल्या मुली धाकटी भावंडे सांभाळीत. पालकांची अनास्था हे कारण सांगणे सोपे. वस्तुतः मुलांचे श्रम हा कुटुंबाच्या निर्वाहाचाच भाग होता.

म्हणून शाळेचीच रचना बदलण्यात आली. गुराख्यांसाठी शिक्षक कुरणात गेले, तीच कुरणशाळा. बालवाडी वस्तीच्या अंगणात भरू लागली. ‘विकासवाडी’त पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणल्यामुळे भावंडाला सोबत आणणाऱ्या मुलीस स्वतः वर्गात बसणे शक्य झाले.

यावरून अभ्यासपद्धतीविषयी एक निष्कर्ष निघतो. वय, लिंग व जात एवढी वर्गवारी पुरेशी नाही; मुलाचे घरातील काम, सांभाळावयाची भावंडे आणि शाळेचे अंतर यांचीही नोंद हवी. भोंगवलीसारखे गाव असो वा भोर-वेल्ह्याच्या डोंगराळ भागातील एखादी विखुरलेली वाडी, ही नोंद घरोघर जाऊनच करावी लागेल. २००९च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार प्राथमिक शाळेतील शिक्षकांची संख्या विद्यार्थिसंख्येवर ठरते. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. त्यामुळे आकड्याला प्रशासकीय महत्त्व आहेच. तथापि दहा मुलांच्या शाळेतून एक मुलगी गळाली, तर कागदावर एकच अंक उणा होतो. प्रत्यक्षात शाळेचा दहावा भाग, आणि त्या मुलीचे तर सारेच शिक्षण, हातचे जाते.