घटकराज्यातील अल्पसंख्य : स्वित्झर्लंडमधील झ्युराचा प्रश्न

संघराज्यपद्धतीचे यश म्हणून चार राष्ट्रभाषांच्या स्वित्झर्लंडचे उदाहरण नेहमी दिले जाते. परंतु देशाच्या पातळीवर ज्यांचे हक्क सुरक्षित आहेत, त्यांच्यापैकीच काही लोक आपल्या घटकराज्यात अल्पसंख्य ठरले, तर काय करावयाचे? बर्न या घटकराज्याला (तेथे त्यास कॅन्टन म्हणतात) या प्रश्नाला तोंड द्यावे लागले.

1815 च्या व्हिएन्ना परिषदेने झ्युराचा प्रदेश, गमावलेल्या मुलखाचा मोबदला म्हणून, बर्नला दिला. रहिवाशांना कोणी विचारले नाही. बर्नमधील बहुसंख्य जर्मनभाषी व प्रॉटेस्टंट. झ्युरा मुख्यत्वे फ्रेंचभाषी आणि त्याचा उत्तर भाग कॅथलिक. 1947 मध्ये झ्युराचे मंत्री जॉर्ज मोएक्ली यांच्याकडे सार्वजनिक बांधकाम खाते सोपविण्यास बर्नच्या विधिमंडळाने नकार दिला. एवढे महत्त्वाचे खाते फ्रेंचभाषिकाकडे नको, असे सभागृहात बोलले गेले. निमित्त एका खात्याचे, पण त्यातून वेगळ्या राज्याची चळवळ उभी राहिली. 1950 मध्ये झ्युरासाठी मंत्रिमंडळात दोन जागा राखून ठेवण्यात आल्या, तरी ती शमली नाही. पुढे जाळपोळीचे प्रकारही घडले.

अखेर 1970 च्या घटनादुरुस्तीने बर्नच्या मतदारांनी स्वतःच विभाजनाचा मार्ग मोकळा केला. या योजनेचा विशेष असा की, कौल एकदाच घ्यावयाचा नव्हता. प्रथम संपूर्ण प्रदेशाने मत द्यावे, नंतर तो निकाल अमान्य असलेल्या जिल्ह्यांनी, आणि शेवटी सीमेवरील गावांनी. 23 जून 1974 रोजी वेगळ्या राज्याच्या बाजूने 36,802 व विरोधात 34,057 मते पडली. 1975 मध्ये मात्र दक्षिणेकडील तीन जिल्ह्यांनी बर्नमध्येच राहण्याचे ठरविले. तेही फ्रेंचभाषीच, पण प्रॉटेस्टंट! भाषा एक म्हणून राज्य एक, हे सूत्र येथे पुरे पडले नाही. 24 सप्टेंबर 1978 रोजी सर्व देशाने मतदानाने संमती दिली व 1 जानेवारी 1979 पासून झ्युरा राज्य अस्तित्वात आले.

भारतात संविधानाच्या अनुच्छेद 3 नुसार राज्यांच्या सीमा संसद कायद्याने बदलू शकते. संबंधित विधानमंडळाचे मत मागविले जाते, पण ते बंधनकारक नसते. त्या तुलनेत स्विस पद्धती फारच संथ आहे, यात शंका नाही. मात्र तिच्यात गावाचेही मत मोजले जाते. वेल्रा हे चिमुकले गाव 1996 मध्ये झ्युरात गेले. बर्नमध्ये राहिलेल्या दक्षिण भागाला 2006 पासून स्वतःची निर्वाचित परिषद आहे.

मुतिए या शहराचा निर्णय सर्वांत लांबला. तेथील 2017 चे मतदान गैरप्रकारांमुळे रद्द झाले. 28 मार्च 2021 रोजी पुन्हा झालेल्या मतदानात 2,114 विरुद्ध 1,740 मतांनी झ्युराच्या बाजूने कौल मिळाला व 1 जानेवारी 2026 रोजी शहराचे हस्तांतर झाले. बर्नमध्येच राहू इच्छिणारे ते 1,740 मतदार आता झ्युरा राज्यातील अल्पसंख्य होत.