कामथडीत आयरिशची शिकवणी

2017 सालच्या जून महिन्यात मराठी घराघरांत एका बातमीची चर्चा झाली. मालवण तालुक्यातल्या वराड गावचे डॉ. अशोक वराडकर, त्यांचे चिरंजीव लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले. 2019 च्या डिसेंबरात ते वराडला येऊनही गेले. कौतुक तर सगळ्यांनीच केलं, पण त्यांच्या पदाचं नाव वाचताना मात्र जीभ अडखळली. आयर्लंडमध्ये इंग्रजी बोलतानाही पंतप्रधानाला 'प्राइम मिनिस्टर' म्हणत नाहीत, आयरिश भाषेतला शब्द वापरतात. स्पेलिंगप्रमाणे वाचायला गेलं तर तो 'ताओइसीच' होतो, आणि खरा उच्चार आहे 'तीशख'!

आपल्यापैकी कितीतरी जणींना वाटतं की आयर्लंडची भाषा म्हणजे इंग्रजीच. तसं नाही. आयरिश ही वेगळी, फार जुनी भाषा आहे. ती लोक आपल्या भाषेत तिला 'ग्वेल्गे' म्हणतात. तिथल्या राज्यघटनेत तिला पहिली राजभाषा म्हटलंय, आणि सरकारी मदतीवर चालणाऱ्या शाळांत मुलं पहिल्या वर्षापासून ती शिकतात.

तुम्ही म्हणाल, कुठे आयर्लंड आणि कुठे पुणे-सातारा रस्त्यावरची आमची कामथडी! पण आता घराघरातून कुणी ना कुणी बाहेर असतं. माझी भाची कॉर्क शहरात नर्स आहे. तिची लेक सहा वर्षांची. रविवारी व्हिडिओ कॉल झाला की भाची म्हणायची, "मावशी, इंग्रजीचा, गणिताचा अभ्यास मी घेते गं, पण हिच्या आयरिशच्या वहीपुढे मी अगदी अडाणी!" नातीला मात्र आजीला काहीतरी शिकवायची भारी हौस. मग म्हटलं, चला, आपणही बघू या. भात लावून झालं होतं, रात्री जेवणं आटोपली की अर्धा तास मोकळा मिळत होता. मोबाईलवर फुकटात धडे मिळतात. झाली सुरुवात.

आणि गंमत सांगू? जी भाषा शिकताना इंग्रजी बोलणारे घायकुतीला येतात, तिथे आपली मराठी जागोजागी मदतीला धावून येते.

भूक लागते, भूक असत नाही

इंग्रजीत माणूस 'भुकेला असतो'. मराठीत 'मला भूक लागते'. आयरिशमध्ये म्हणतात, 'तॉ ओक्रस ओरम', म्हणजे शब्दशः 'आहे भूक माझ्यावर'. दुःख, तहान, थंडीही अशीच माणसावर येऊन बसते. कुणाची क्षमा मागायची तर 'तॉ ब्रोन ओरम', माझ्यावर दुःख आहे.

इंग्रजीत 'माझ्याकडे आहे' याला एक वेगळं क्रियापद लागतं. आयरिशमध्ये तसलं क्रियापदच नाही. ते सरळ म्हणतात, 'आहे पुस्तक माझ्याकडे'. त्यातला 'माझ्याकडे' म्हणजे 'अगम' आणि 'तुझ्याकडे' म्हणजे 'अगत'. इंग्रजी बोलणाऱ्यांना हे पाठ करावं लागतं, आपण ते रोजच बोलतो.

आणखी एक. आयरिशमध्ये 'हो' आणि 'नाही' असे सुटे शब्दच नाहीत. 'समजतं का?' असं विचारलं तर उत्तर येतं, 'तिगिम', म्हणजे 'समजतं'. नसेल समजत तर 'नी हिगिम'. आता आपल्या गावाकडे बघा. 'जेवलीस का गं?' 'जेवले.' 'पाणी आलं का?' 'आलं.' नुसतं 'हो' म्हणून कोण गप्प बसतं?

भेटल्यावरचा नमस्कारही असाच जवळचा. एक म्हणतो 'दीअ ग्वित', तुला देव लाभो. दुसरा देवाच्या जोडीला मेरी मातेचंही नाव घेऊन उत्तर देतो. पारावरचा 'राम राम' आठवला की नाही?

मोजणीचंही तेच. आपल्या आज्या अंडी, पेंढ्या विसांवर मोजायच्या, 'दोन विसा आणि पाच'. आयरिशमध्ये चाळीसला 'डाखद' म्हणतात, तो शब्द मुळात 'दोन विसा' असाच बनलाय.

एवढं साम्य कसं? काही गोष्टी योगायोगाच्या असतील, पण या दोन्ही भाषा मुळात एकाच मोठ्या कुळातल्या. 1786 साली कोलकात्यात सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांचा उगम एक असावा असं मांडलं, तेव्हा आयरिशच्या केल्टिक शाखेचंही नाव घेतलं होतं. आयरिशमध्ये तीनला 'त्री' म्हणतात. राजा म्हणजे 'री'. गाय म्हणजे 'बो', तो आपल्या 'गो'चाच भाऊ. आणि आई म्हणजे 'मॉहिर', लिहिताना त्यात मातृमधला 'त' अजून शिल्लक आहे.

आपण शेपूट बदलतो, ते डोकं

अवघड काहीच नाही असं मात्र नाही हं. एक तर क्रियापद वाक्याच्या सुरुवातीला येतं. आपण म्हणतो 'सखू भाकरी खाते', ते म्हणतात 'खाते सखू भाकरी'. सवय व्हायला वेळ लागतो.

खरी परीक्षा पुढेच. मराठीत विभक्ती लागली की शब्दाचा शेवट बदलतो: घोडा, पण घोड्याला. आयरिशमध्ये शब्दाची सुरुवातही बदलते. होडीला 'बॉद' म्हणतात. माझी होडी म्हणजे 'मो वॉद', आमची होडी म्हणजे 'आर मॉद'. त्याची, तिची आणि त्यांची, तिन्हींसाठी शब्द एकच, 'अ'. मग कळायचं कसं? पुढच्या अक्षरावरून. 'अ वॉद' ही त्याची होडी, 'अ मॉद' ही त्यांची, आणि 'अ बॉद' ही तिची. बाईच्या होडीला तेवढा कुणी हात लावलेला नाही!

लिहिताना मूळ अक्षर पुसत नाहीत, त्याला जोड देतात. 'बी'च्या पुढे 'एच' आला की आपण सवयीनं 'भ' वाचतो, पण तिथे तो 'व' असतो. 'एम' आणि 'एच'चाही 'व'च. म्हणून 'सिओभान' असं दिसणारं मुलीचं नाव 'शिव्हॉन' असतं आणि 'नियाम्ह' दिसणारं नाव 'नीव्ह' असतं. एकदा हे कळलं की स्पेलिंगची भीती निम्मी जाते. ते वेडंवाकडं नाही, त्याला नियम आहेत.

दुसरा मोठा नियम जाड आणि बारीक उच्चारांचा. शेजारी 'ए', 'ओ', 'यू' यांपैकी अक्षर असेल तर व्यंजन जाड, 'ई' किंवा 'आय' असेल तर बारीक. त्यामुळे एकच 'एस' कधी 'स' असतो तर कधी 'श'. रस म्हणजे 'सू', आणि ती म्हणजे 'शी'. आपल्याला यात नवल नाही. मासा, पण माशाचं कालवण. पैसा, पण पैशाला. तसंच 'चार' आणि 'चारा' यांतला च वेगळा, हे आपल्याला कुणी शिकवलं नव्हतं. शिवाय आयरिशचा जाड 'टी' आणि 'डी' म्हणजे आपले त आणि द, दातांना जीभ लावून म्हणायचे. इंग्रजी जिभेला तेच जमत नाहीत.

आयांनीच बोलणं सोडलं

एवढी जुनी, डौलदार भाषा. मग तिला शाळेत शिकवून जगवायची वेळ का आली? हे वाचताना माझा जीव कालवला.

1831 पासून आयर्लंडमध्ये सरकारी शाळा निघाल्या, त्यांचं माध्यम इंग्रजी. बऱ्याच ठिकाणी मुलांच्या गळ्यात एक काठी अडकवत. मूल आयरिश बोललं की काठीवर एक खाच, आणि जितक्या खाचा तितकी शिक्षा. घरात आईबापही या काठीला हातभार लावत. त्यांना आयरिश आवडत नव्हती म्हणून नव्हे, तर इंग्रजी आली नाही तर पोरं उपाशी मरतील, या धास्तीनं. 1845 ते 1852 या काळात बटाट्याचं पीक कुजून दुष्काळ पडला. सुमारे दहा लाख माणसं गेली आणि तितकीच जहाजात बसून देशोधडीला लागली. सर्वांत जास्त झळ बसली ती आयरिश बोलणाऱ्या गरीब भागांना. त्यानंतर घरोघरी आयांनी लेकरांशी इंग्रजीतच बोलायचं ठरवलं.

आज काय चित्र आहे? 2022 च्या जनगणनेत सुमारे 18 लाख 74 हजार लोकांनी आपल्याला आयरिश येते असं सांगितलं. पण शाळा-कॉलेजच्या बाहेर रोज बोलणारे निघाले जेमतेम 72 हजार. आपल्या एकट्या भोर तालुक्याच्या लोकसंख्येच्या निम्मेसुद्धा नाहीत! शाळा आहेत, 1972 पासून आयरिश रेडिओ आहे, 1996 पासून दूरदर्शन वाहिनी आहे, 2007 पासून युरोपीय संघात मान आहे. एवढं सगळं करूनही, स्वयंपाकघरातून गेलेली भाषा पुन्हा स्वयंपाकघरात आणणं किती कठीण असतं, ते या आकड्यावरून कळतं.

आपल्याकडे कुणी गळ्यात काठी अडकवत नाही. पण सकाळी पिवळ्या बसची वाट बघताना आपणच पोरांना सांगतो, "मिल्क फिनिश कर, फास्ट!" मराठी कुठे मरतेय, कोट्यवधी लोक बोलतात, हे खरंच. पण आपली भोर-वेल्ह्याकडची बोली? तरवा, आवण, खाचर, इरलं हे शब्द आपल्या पोरांना ठाऊक आहेत का? इंग्रजी शाळेत जरूर घाला, इंग्रजी हवीच. त्यासाठी घरातली भाषा आवरती घ्यायची गरज नाही. उलट, घरची भाषा पक्की असेल तर तिसरी आणि चौथीही सोपी जाते, हे आयरिश शिकताना मला पावलोपावली दिसलं. भाचीलाही मी तेच सांगितलं, "शाळेचं आयरिश होऊ दे, पण झोपताना गोष्ट मराठीतच सांग."

एक गोष्ट लेकीबाळींना परदेशी पाठवणाऱ्या आयांसाठी. आयर्लंडमध्ये नर्स म्हणून जायचं तर तिथल्या नर्सिंग बोर्डाकडे नोंदणी आणि इंग्रजीची परीक्षा लागते, आयरिश लागत नाही. ती लागते प्राथमिक शिक्षकांना. तेव्हा 'आयरिशचा कोर्स केल्याशिवाय नर्सची नोकरी नाही' असं सांगून कुणी पैसे मागितले तर साफ नकार द्या.

घरबसल्या शिकायचं तर

- धडे : 'डुओलिंगो'वर 2014 पासून आयरिशचे मोफत धडे आहेत. डब्लिन सिटी युनिव्हर्सिटीनेही 'फ्यूचरलर्न'वर नवशिक्यांसाठी ऑनलाईन अभ्यासक्रम काढला.
- उच्चार : 'टँगलन' या ऑनलाईन शब्दकोशात शब्दाचा उच्चार मन्स्टर, कॉनाख्त आणि अल्स्टर अशा तीन बोलींत ऐकता येतो. सुरुवातीला एकच बोली धरा, नाहीतर गोंधळ उडतो. मूल शाळेत जी ऐकतं ती सर्वांत सोयीची.
- आधी कान, मग डोळे : शब्द तीनदा ऐका, मोठ्यानं म्हणा, मग स्पेलिंग बघा. भाकऱ्या थापताना आयरिश रेडिओ लावून ठेवला तरी कान तयार होतो.
- वही : एका रकान्यात स्पेलिंग, दुसऱ्यात देवनागरी उच्चार. रोमन लिपीपेक्षा देवनागरी इथे जास्त उपयोगी पडते.
- जोडीनं पाठांतर : सुटा शब्द पाठ करू नका. 'बॉद, मो वॉद, आर मॉद' असं एकदम म्हणा. व्याकरण आपोआप जिभेवर बसतं.
- वेळ : रोज पंधरा मिनिटं पुरेत, पण रोज.

आयरिशच शिका असं माझं म्हणणं नाही. कुणाचा मुलगा जर्मनीत असेल, कुणाची सून केरळची असेल, कुणाचा जावई बंगाली असेल. त्यांच्या भाषेतली दहा वाक्यं आली तरी समोरच्याचा चेहरा खुलतो. वयाचं आणि शिक्षणाचं कारण सांगू नका. ज्या बाईला मराठी बोलता येते, तिला पुष्कळसं व्याकरण आधीच येत असतं, फक्त तिला ते कुणी सांगितलेलं नसतं. आज रात्री भांडी आवरली की मोबाईल घ्या आणि एक शब्द मोठ्यानं म्हणून तर बघा!