गुडघ्याची गोळी आणि आईचा हरिपाठ

गेल्या वर्षी आमच्या आईच्या औषधांच्या डब्याशेजारी एक नवी पाहुणी येऊन बसली. पांढरी, जाडजूड प्लॅस्टिकची बाटली. माझ्या भाच्याने अमेरिकेहून येताना ती आजीसाठी मुद्दाम आणली होती. "आजी, रोज न चुकता घे. गुडघ्यांचं वंगण परत येतं," असे त्याने बजावले. आईने बाटली आधी देवापुढे ठेवली आणि मग पहिली गोळी घेतली.

आई 74 वर्षांची. गळ्यात तुळशीची माळ, आणि संध्याकाळी देवळातला हरिपाठ हा तिचा वर्षानुवर्षांचा नेम. गेली दोन-तीन वर्षे मात्र गुडघ्यांनी दावा मांडला होता. जिना उतरताना कठडा लागे, उठताना कोणाचा तरी हात लागे. सगळ्यात मोठे दुःख म्हणजे मांडी घालून बसता येईना. "देवापुढे खुर्चीवर बसायचं?" या संकोचाने तिने देवळात जाणेच कमी केले. म्हणून ती बाटली घरात आली तेव्हा आम्हा सर्वांनाच हायसे वाटले.

तीन महिन्यांनी आई म्हणाली, "बरं वाटतंय रे." दुसरी बाटली मागवावी म्हणून मी प्रथमच चष्मा लावून लेबल वाचले. तळाशी बारीक अक्षरांत लिहिले होते : कोळंबी आणि खेकडा.

मी बाटली फडताळात ठेवली आणि दोन दिवस कोणाला काही बोललो नाही. माळकरी बाईला आपण तीन महिने काय खायला घातले? आणि सांगायचे तरी कोणत्या तोंडाने? तिला तर बरे वाटत होते! मग ठरवले, आधी ही गोळी आहे तरी काय ते समजून घेऊ.

गोळीतला मुख्य पदार्थ ग्लुकोसामाइन. गेओर्ग लेडरहोज या जर्मन संशोधकाने 1876 मध्ये तो प्रथम वेगळा काढला, तोही समुद्री शेवंडाच्या कवचापासून. आजही बहुतेक ग्लुकोसामाइन कोळंबी-खेकड्यांच्या टरफलांपासूनच बनते. बुरशीपासून केलेला शाकाहारी प्रकारही मिळतो, पण लेबल वाचतो कोण?

आपले शरीर हा पदार्थ स्वतःही तयार करते. हाडांच्या टोकांवर कूर्चेची जी गुळगुळीत गादी असते, तिच्या घडणीत तो लागतो. वय, वजन आणि जुन्या दुखापती यांनी ही गादी झिजते. मग गादीचा कच्चा माल पोटातून दिला तर झीज भरून निघेल, हा विचार कोणालाही पटण्यासारखा आहे. अमेरिकेत 1997 मध्ये याच उपायावरचे एक पुस्तक अफाट खपले आणि बाटल्या घरोघरी पोचल्या.

पण पटणे वेगळे आणि सिद्ध होणे वेगळे. अमेरिकन सरकारच्या पैशातून झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष 2006 मध्ये प्रसिद्ध झाले. गुडघेदुखीच्या 1583 रुग्णांचे गट पाडून 24 आठवडे त्यांना गोळ्या दिल्या. काहींना ग्लुकोसामाइन, तर काहींना औषध नसलेली, नुसती दिसायला तशीच गोळी. ग्लुकोसामाइन घेणाऱ्या 100 पैकी 64 जणांचे दुखणे बऱ्यापैकी कमी झाले. आणि नुसती गोळी घेणाऱ्यांपैकी? 60 जणांचे! हा फरक योगायोगानेही पडू शकतो.

त्याआधी 2001 मध्ये 212 रुग्णांवर तीन वर्षे केलेल्या एका युरोपीय अभ्यासात झीज मंदावल्याचे दिसले होते आणि तिकडच्या काही तज्ज्ञांचा या गोळीवर अजून भरवसा आहे. मात्र अमेरिकेच्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने 2019 च्या मार्गदर्शक सूचनांत गुडघ्यासाठी ती घेऊ नये, असे स्पष्ट म्हटले आहे. रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन घेणाऱ्यांनी आणि कोळंबी-खेकड्याची अॅलर्जी असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिला हात लावू नये.

मग आईला बरे वाटले ते खोटे का? मुळीच नाही. गुडघेदुखी चढते आणि उतरते. ती फार चढली की आपण औषध आणतो आणि उतरली की श्रेय त्या औषधाला देतो. शिवाय नातवाने आठवणीने काही आणले, याचाही गुण असतोच.

अखेर मी तिला सांगून टाकले. ती बराच वेळ माळेशी चाळा करीत बसली. मग म्हणाली, "तुला कळलं तेव्हाच का नाही सांगितलंस?" कोळंबीपेक्षा माझे ते दोन दिवसांचे मौन तिला जास्त लागले होते. बाटली तिने स्वतः बाजूला काढली. "पोराला काही बोलू नकोस. त्याने मायेनं आणली," एवढेच म्हणाली.

त्यानंतर आम्ही एका व्यायामोपचार करणाऱ्या बाईंकडे गेलो. त्यांनी सांगितले, मांडीचे स्नायू बळकट झाले की सांध्याचा भार ते उचलतात. कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातल्या द्रवातून तिचे पोषण होते आणि त्याला हालचाल लागते. एक किलो वजन घटले, तर चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. दुखते म्हणून बसून राहणे हेच गुडघ्याला महागात पडते.

घरी पहिला आठवडा व्यायाम झाला, दुसऱ्यात बारगळला. कारण विचारले तर आई म्हणाली, "एकटीला कंटाळा येतो." तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बाटली आणणे सोपे असते. पैसे मोजले की कर्तव्य संपते. रोजचा अर्धा तास देणे अवघड, आणि गुडघ्याला तर तोच हवा असतो.

आता सकाळी चहाआधी आम्ही दोघे शेजारी शेजारी आडवे होतो. पाय सरळ उचलून धरायचा असतो. आई आकडे मोजत नाही. "रामकृष्णहरी" तीनदा म्हणते आणि मग पाय खाली ठेवते. गुडघे काही तरुण झालेले नाहीत. मांडी अजून घालता येत नाही. पण जिना ती एकटी उतरते, आणि संध्याकाळी देवळात खांबाजवळ तिची खुर्ची असते.

परवा पाहिले, तिच्याशेजारी आणखी दोन खुर्च्या आल्या होत्या.