पोत्यावरचं प्रोटीन कोण तपासणार?



गोळी पेंड घेताना आपण पोत्यावर दोनच गोष्टी बघतो. दर किती आणि प्रोटीन किती टक्के. पण हे प्रोटीन प्रयोगशाळेत कसं काढतात, माहीत आहे?

खाद्यातलं नत्र मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. आता गंमत बघा. युरियात ४६ टक्के नत्र असतं. त्यामुळे १०० किलो पेंडीत फक्त १ किलो युरिया मिसळला की कागदावरचं प्रोटीन जवळपास ३ टक्क्यांनी वाढतं. सरकी पेंड वाढवली नाही, सोयाबीन पेंड वाढवली नाही, तरी आकडा वर!

म्हणून युरिया म्हणजे विषच, असंही नाही. मोठ्या जनावराच्या कोटीपोटातले जिवाणू त्या नत्रापासून प्रोटीन तयार करतात आणि ते जनावराच्या उपयोगी पडतं. पण त्यासाठी सोबत मका, मळी अशी ऊर्जा लागते. प्रमाण पेंडीच्या साधारण एक टक्क्याच्या आत लागतं, मिसळणी एकसारखी लागते. युरियाचा गोळा एकाच जागी राहिला तर जनावर दगावू शकतं. लहान वासरांना तर अशी पेंड घालायचीच नाही.

दुसरी गोष्ट बुरशीची. ओल राहिलेल्या मक्यात अफ्लाटॉक्सिन तयार होतं. गोळी पाडताना वाफ देतात, त्या उष्णतेनं बुरशी मरते, पण हे विष तसंच राहतं आणि दुधात उतरतं. ते दिसत नाही, तपासावंच लागतं.

*हे कोण बघणार?*
आपल्या सभेत दरवेळी विषय निघतो, "आपली पेंड आपणच बनवू." दळण, मिसळणी, गोळी यांची यंत्रं कर्ज काढून आणता येतील. पण कच्चा माल तपासून, दर बघून, दुभती गाय, गाभण म्हैस आणि वासरू यांचं वेगवेगळं सूत्र बसवणारा माणूस कुठून आणायचा? तो आपल्याच घरात का तयार होऊ नये?

*शिक्षणाची वाट*
✅ बारावी विज्ञान (जीवशास्त्रासह), मग नीट परीक्षा. त्यानंतर बी.व्ही.एस्सी., इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची महाविद्यालयं मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळला आहेत.
✅ पुढे पशुपोषण विषयात एम.व्ही.एस्सी., दोन वर्षं. यात खाद्याचं पृथक्करण, पचनाच्या चाचण्या आणि कमी खर्चात संतुलित आहार बसवणं शिकवतात.
✅ कृषी पदवीधरांना राहुरीसारख्या कृषी विद्यापीठात पशुसंवर्धन व दुग्धशास्त्रात एम.एस्सी. करता येते.
✅ देशपातळीवर कर्नालची एनडीआरआय आणि बरेलीजवळची आयव्हीआरआय या नावाजलेल्या संस्था आहेत.

वाट लांब आहे, नीट सोपी नाही, हे खरं. पण डॉक्टर म्हटलं की फक्त दवाखाना, असं नाही. खाद्य कारखाने, दूध संघ, प्रयोगशाळा इथंही या शिक्षणाला काम आहे. आणि दुधाच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा चाऱ्या-पेंडीचाच असतो, हे तुमच्या वहीतच लिहिलेलं आहे. प्रवेशाची पात्रता आणि तारखा त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच बघा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

*तोवर एवढं करा*
👉 पोत्यावर युरियाचा उल्लेख आहे का, ते वाचा.
👉 ओलावा ११ टक्क्यांच्या वर नको.
👉 वास आला, गोळीला बुरशी दिसली, तर "थोडीच आहे" म्हणून घालू नका.
👉 विक्रेत्याकडे तपासणी अहवाल मागा. मागायला लाजू नका, पैसे आपले आहेत.

घरात बारावीला मुलगा-मुलगी असेल, तर हा संदेश त्यांना नक्की वाचायला द्या.

*आपली शेतकरी उत्पादक कंपनी* 🐄