नव्वद लाख परार्ध, एल.बी.एस. मार्गावर

५७ किलो, तेही बॅटरीसकट. ‘सर-रॉन लाइट बी’ ही चिनी बनावटीची इलेक्ट्रिक डर्ट बाइक एवढीच भरते. आपल्याकडे घरोघरी ठाऊक असलेली स्प्लेंडर ११२ किलोंची, म्हणजे जवळजवळ दुप्पट. ताकदीचं बघाल तर स्प्लेंडरचं इंजिन ५.९ किलोवॅट देतं आणि ही काटकुळी गाडी ऐन भरात ६ किलोवॅटच्या आसपास. निम्म्या वजनात तेवढीच ताकद! माती, दगड, ओहोळ आणि चढ यांच्यासाठी घडवलेलं हे यंत्र व्हिडिओत उडताना पाहिलं की अंधेरी-बोरिवलीतल्या विशीतल्या मुलांच्या मनात हमखास एक विचार येतो: ही रोज रस्त्यावर चालवता आली तर? मला हा विचार पोरकट वाटत नाही. हलकी, धूर न सोडणारी, गल्लीबोळांतून सहज वळणारी गाडी उपनगरांना हवीच आहे. म्हणूनच डोंगरावरची गाडी घाटकोपरच्या रस्त्यावर आणायची तर नेमकं काय काय बदलावं लागतं, याचा हिशोब मांडून बघण्यासारखा आहे.

आधी बॅटरी. आवृत्तीनुसार आकडे थोडे मागेपुढे होतात, पण हिशोबाला सोपं म्हणून ६० व्होल्ट आणि ४० अँपिअर-तास धरू. गुणाकार २,४०० वॅट-तास, म्हणजे २.४ युनिट वीज. पूर्ण चार्ज झालेली अशी बॅटरी रिकामी होईपर्यंत तिच्यातून १,४४,००० कुलोम विद्युतभार वाहतो. इलेक्ट्रॉन मोजायचे झाले तर ९ वर २३ शून्यं. आपल्या जुन्या गणितात एकं, दहं, शतंपासून चढत गेलं की सर्वांत शेवटची पायरी परार्धाची, १ वर १७ शून्यं. तीही इथे पुरत नाही. हे इलेक्ट्रॉन भरतात नव्वद लाख परार्ध! आणि ते सगळे दहा-अकरा किलोंच्या, हाताने उचलून तिसऱ्या मजल्यावर नेता येईल अशा पेटीतून.

आता याच बॅटरीतली ऊर्जा पेट्रोलच्या मापाने मोजा. एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, या बॅटरीत ८.६. म्हणजे अख्खी बॅटरी जेमतेम पाव लिटर पेट्रोलच्या तोडीची. तरीही शहरी वेगात ती ७०-८० किलोमीटर जाते, कारण मोटर मिळालेल्या विजेतला बहुतांश भाग चाकापर्यंत पोचवते, तर पेट्रोल इंजिन तीन चतुर्थांश ऊर्जा उष्णता म्हणून फेकून देतं. वर्सोवा ते घाटकोपर मेट्रोमार्गाची लांबी ११.४ किलोमीटर. तेवढं अंतर ही गाडी किलोमीटरला ३० वॅट-तास या दराने कापते असं धरलं, तर लागणारी ऊर्जा ३४२ वॅट-तास. पेट्रोलच्या हिशोबात ती ३८ मिलिलिटर होते. कटिंग चहाचा ग्लासही त्याने भरणार नाही.

त्या एका फेरीत चाक सुमारे ५,८०० वेळा फिरतं. मोटर आणि चाक यांच्यातलं गुणोत्तर साडेसातच्या आसपास असल्यामुळे मोटर फिरते जवळपास ४४ हजार वेळा. मोटरच्या तारांमधला प्रवाह चालू-बंद करणारा कंट्रोलर सेकंदाला दहा हजारांहून जास्त वेळा आपलं काम करतो. साकीनाक्याच्या गर्दीत फेरीला पाऊण तास लागला, तर तो आकडा दोन कोटी सत्तर लाखांच्या पुढे जातो. कानाला मात्र चेनची किरकिर तेवढी ऐकू येते.

इथवर सगळं कौतुकाचं. पण मुलं पहिला बदल करायला निघतात तो नेमका चुकीच्या दिशेने. मागचं ४८ दातांचं स्प्रॉकेट काढून ४२ दातांचं बसवायचं म्हणजे गाडी जास्त पळेल, हा गॅरेजमधला ठरलेला सल्ला. कागदावर तो बरोबर आहे. वेग १४ टक्क्यांनी वाढायला हवा. अडथळा हवेचा आहे. हवेला कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. ४५ च्या वेगाला पाऊण किलोवॅटच्या आत काम भागतं. ९० च्या वेगाला तेच आठपट होतं आणि गाडीची जवळजवळ सगळी ताकद नुसती हवा ढकलण्यात संपते. बॅटरीही त्याच मानाने आटते. आणि तो वेग वापरणार कुठे? सागरी किनारा मार्ग, वांद्रे-वरळी सेतू आणि अटल सेतू या तिन्ही ठिकाणी दुचाकींना बंदी आहे. गर्दीच्या वेळी दहा किलोमीटरला अर्धा तास लागला, तर सरासरी पडते ताशी २०. माझं स्पष्ट मत आहे की, शहरासाठी या गाडीच्या वेगाला हातच लावू नये.

हात लावायचा तो टायरला. डर्ट बाइकला बटण टायर असतात. मोठमोठ्या रबरी गाठी, मधे मोकळी जागा आणि हवा फक्त १२ ते १५ पीएसआय. गाडी आणि ७० किलोंचा माणूस मिळून १२७ किलो. १५ पीएसआयला दोन्ही टायर मिळून जमिनीवर सुमारे १२० चौरस सेंटिमीटरचा ठसा उमटतो. मातीत हे वरदानच, कारण गाठी रुततात आणि पकड मिळते. डांबरावर आणि सिमेंटवर मात्र गाठी रुतू शकत नाहीत, नुसत्या वाकतात आणि ठशातला मोठा भाग रिकामाच राहतो. रस्त्यासाठी हवा ३० पीएसआयपर्यंत वाढवली की ठसा निम्मा होतो, ६० चौरस सेंटिमीटर. तेवढ्यात सलग रबर असेल तरच गाडी उभी राहते. ४५ च्या वेगाने जाताना कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरने ब्रेक लावला तर गाडी साधारण ११ मीटरमध्ये थांबावी. पावसात बटण टायरने पकड निम्मी झाली, तर २३ मीटर. माणसाला भान येऊन हात ब्रेकवर जाईपर्यंतच्या एका सेकंदात गाडी साडेबारा मीटर पुढे गेलेली असते, ते वेगळंच. ओले पेव्हर ब्लॉक, झेब्रा क्रॉसिंगचा रंग, मॅनहोलची झाकणं, कामासाठी टाकलेल्या लोखंडी प्लेटा, हे सगळं या हिशोबाच्या बाहेर.

डर्ट बाइकचा लांब शॉकअप मात्र उपनगरात खरोखर उपयोगी पडतो. पुढच्या फोर्कला सुमारे २०० मिलिमीटर हालचाल आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद. प्रत्यक्षात गल्लोगल्ली दिसणारे उंचवटे त्याहून उंच आणि अरुंद असतात, पण या गाडीला ते जाणवतही नाहीत.

पाणी हा सर्वांत अवघड भाग. २६ जुलै २००५ या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. म्हणजे एकेका चौरस किलोमीटरवर ९४ कोटी ४० लाख लिटर पाणी. बॅटरीवर लिहिलेल्या ‘आयपी ६७’मधला ७ हा आकडा सांगतो, की एक मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं ठेवूनही आत अपाय होईल इतकं पाणी शिरणार नाही. ९४४ आणि १,०००: त्या एका दिवसाचा पाऊस जागच्या जागी साचला असता, तर चाचणीच्या खोलीला फक्त ५६ मिलिमीटर कमी पडले असते! पण चाचणीतलं पाणी स्वच्छ आणि स्थिर असतं. अंधेरी सबवेत तुंबणारं पाणी नाल्याचं, गाळाचं, आणि ते अर्ध्या तासात ओसरेलच असं नाही. शिवाय आयपी ६७ ही ग्वाही कारखान्यातून आलेल्या पेटीला. रस्त्यावर यायचं म्हणून आपण हेडलॅम्प, ब्रेकचा दिवा, चार इंडिकेटर, हॉर्न आणि नंबरप्लेटवरचा दिवा जोडणार. हे सगळं १२ व्होल्टवर चालतं, बॅटरी ६० व्होल्टची, त्यामुळे मधे कन्व्हर्टर आला आणि प्रत्येक दिव्यामागे दोन-दोन जोड आले. चिकटपट्टी गुंडाळलेला एक जोड भिजला तरी भर पावसात दिवे जातात. पूर्ण जोर लावल्यावर बॅटरीकडून येणारा प्रवाह १०० अँपिअर असतो. घरातल्या मिक्सरला तीन अँपिअर पुरतात. त्या जाड केबलच्या आसपास हौशी हातांनी काम करू नये.

मुलुंडच्या एका गॅरेजमध्ये अशा गाडीच्या मागे उकिडवं बसून मी ती नीट न्याहाळली आहे. मागचं चाक सताड उघडं. वर हाताएवढा प्लास्टिकचा मडगार्ड, तोही चाकापासून वीतभर उंच. चेनवर झाकण नाही, साडीगार्ड नाही, मागे बसणाऱ्याला पाय ठेवायला काही नाही, धरायला काही नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम याच जागेबद्दल आहे. मोटरसायकलला मागे बसणाऱ्यासाठी पकड हवी, पायटेकू हवा आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं आवरण हवं, कपडे अडकू नयेत म्हणून. ४५ च्या वेगाला हे चाक मिनिटाला ३८० वेळा फिरतं, सेकंदाला सहा वेळांहून जास्त. ओढणीचं टोक आत गेलं, तर एका सेकंदात बारा मीटर कापड गुंडाळण्याची क्षमता त्या चाकात आहे. नऊवारी साडीही मुळात आठ मीटरच्या थोडीच पुढे. नव्वद लाख परार्धांपुढे अर्ध्या चाकाचं आवरण क्षुल्लक वाटेल, पण माणसं त्याच्या असण्या-नसण्यावर वाचतात किंवा जातात.

आता कायदा. ज्या इलेक्ट्रिक दुचाकीला नोंदणी लागत नाही, तिच्या मोटरची ३० मिनिटांची ताकद २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ पेक्षा कमी आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोंपर्यंत असावं लागतं. आपली डर्ट बाइक वजनाच्या परीक्षेत आरामात पास होते, आणि गैरसमज तिथेच सुरू होतो. ‘सायकलच आहे, पासिंग लागत नाही,’ असं सांगून ती विकली जाते. तिची सततची ताकद ३ किलोवॅट धरली तरी मर्यादेच्या बारापट, ऐन भरातली चोवीसपट. बटणाने वेग २५ वर बांधला तरी मोटर तीच राहते. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ही मोटरसायकल, आणि मान्यता नसलेल्या मोटरसायकलची नोंदणी होत नाही. विनानोंदणी गाडी चालवली तर पहिल्यांदा ५,००० रुपयांपर्यंत दंड, पुढच्या वेळी १०,००० पर्यंत दंड किंवा कैद. विमा नसल्याचे २,००० निराळे. खरी धास्ती दंडाची नाहीच. विनानोंदणी गाडीला थर्ड पार्टी विमा मिळत नाही. तिच्या धडकेत कुणाचा जीव गेला, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण जी भरपाई ठरवेल ती मालकाने स्वतः द्यायची, आणि त्या रकमेला वरची मर्यादा नाही. वीस वर्षांच्या मुलाच्या हातून अपघात झाला, तर अख्ख्या घराचं कर्ज होतं.

नोंदणी असलेल्या गाडीत मनाने बदल करणंही स्वस्त नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ नुसार परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलामागे मालकाला ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं, की उत्पादकाच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल चालणार नाही.

मग मार्ग काय? आपल्याच भागातल्या माणसांनी तो चालून दाखवला आहे. ठाण्याच्या गोगोए१ने स्प्लेंडरवर बसणारं इलेक्ट्रिक किट केलं, पण आधी त्या किटची मान्यता घेतली आणि मग बाजारात आणलं. पुण्याचे कपिल शेळके शर्यतीच्या इलेक्ट्रिक बाइक बांधत होते. त्यांच्या टॉर्क मोटर्सने २०१६ मध्ये टी६एक्स ही रस्त्याची गाडी लोकांपुढे ठेवली आणि क्रॅटॉस बाजारात आली जानेवारी २०२२ मध्ये. ४ किलोवॅट-तासांची बॅटरी, ताशी १०० किलोमीटर वेग, मागच्या सीटसकट. मधली पाच-सहा वर्षं. हा उशीर नाही. गाडी वेगाने पळवणं जमलेल्या माणसांनाही ती रस्त्याला लायक करायला एवढा काळ लागतो.

डर्ट बाइकच्या हौशीला सर्वांत जवळची गाडी म्हणजे बेंगळुरूच्या अल्ट्राव्हायोलेटने मार्च २०२५ मध्ये जाहीर केलेली शॉकवेव्ह. १२० किलो, ४ किलोवॅट-तास, १२० चा वेग. तिच्या जाहिरातीतला ५०५ न्यूटन-मीटरचा आकडा डोळे दिपवतो, पण तो चाकापाशी मोजलेला आहे. मोटरची ओढ गिअरच्या गुणोत्तराने गुणून येणारा. पेट्रोल गाड्यांच्या जाहिरातीत इंजिनापाशी मोजलेला आकडा असतो, त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवू नयेत. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते तिचं वजन. सर-रॉनपेक्षा ते ६३ किलोंनी जास्त आहे. त्यात मोठी बॅटरी आहे, मजबूत सांगाडा आहे, आणि रस्त्याच्या गाडीला लागणारे दिवे, आरसे, नंबरप्लेटची जागाही आहे.

त्यामुळे कुणी ‘डर्ट बाइक आहे, पण रोडवर चालते’ म्हणून गाडी दाखवली, तर टॉप स्पीड विचारण्याआधी तीन फॉर्म मागा. २० नंबरचा नोंदणीच्या अर्जाचा, तो आपण भरायचा. २१ नंबरचा विक्रीचा दाखला विक्रेत्याने द्यायचा. आणि २२ नंबरचा, गाडी रस्त्याला योग्य असल्याचा, उत्पादकाने द्यायचा. २२ नंबरचा कागद नसेल तर अंधेरीचं एमएच ०२ असो, बोरिवलीचं एमएच ४७ असो किंवा मुलुंड-घाटकोपरवाल्यांचं एमएच ०३, त्या गाडीला हिरवी नंबरप्लेट मिळणार नाही.