पसंतीची यादी आणि तरुण डॉक्टर

वैद्यकीची पदवी हातीं आली म्हणजे विद्यार्थी पुरता डॉक्टर झाला, असा सर्वसाधारण समज असतो. अमेरिकेंत मात्र पदवीनंतर रुग्णालयांत अनुभवी डॉक्टरांच्या देखरेखीखालीं ठराविक काळ काम केल्यावांचून स्वतंत्र धंद्याचा परवाना मिळत नाहीं. या शिक्षणास रेसिडेन्सी म्हणतात. ती जागा कोणास व कशी मिळावी, हा त्या तरुणाच्या सबंध आयुष्याचा प्रश्न होय.

१९४० नंतरच्या वर्षांत तेथें जागा पुष्कळ व उमेदवार थोडे होते. हुशार विद्यार्थी दुसऱ्यानें नेऊं नये म्हणून रुग्णालयें पदवीच्या दोन-दोन वर्षें आधींच नेमणुका करूं लागलीं. १९४५ सालीं महाविद्यालयांनीं ठरलेल्या तारखेपूर्वीं विद्यार्थ्यांची माहिती देणें बंद केलें. तेव्हां घाईचें रूप तेवढें पालटलें. ‘होय कीं नाहीं तें आतांच सांगा’ असा तगादा सुरू झाला. १९४९ मध्यें विचारासाठीं बारा तास द्यावे अशी सूचना निघाली; रुग्णालयांच्या संघास तेवढा अवधिहि फार वाटला!

अखेर १९५२ सालीं मध्यवर्ती जुळवणीची पद्धति सुरू झाली. मुलाखतींनंतर उमेदवार रुग्णालयांची व रुग्णालयें उमेदवारांची क्रमवार यादी देतात. उमेदवार प्रथम आपल्या पहिल्या पसंतीकडे जातो, असें मानावें. तेथें त्यास तात्पुरतें ठेवून घेतात. जागा भरल्यावर वरच्या क्रमाचा दुसरा आला, तर खालच्यास सोडतात, व तो आपल्या पुढच्या पसंतीकडे वळतो. कोणासहि हलण्याचें कारण उरलें नाहीं, म्हणजे नेमणुका पक्क्या होतात.

आरंभीं ही मागणी रुग्णालयांच्या बाजूनें सुरू होत असे. ज्याच्या बाजूनें मागणी सुरू होते त्याचें हित अधिक साधतें, हें गणितानें सिद्ध झालें. म्हणून ॲल्विन रॉथ यांच्या साहाय्यानें १९९८ पासून तो क्रम उलटण्यांत आला. रॉथ व लॉइड शॅप्ली यांस २०१२ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. या क्रमाचा मोठा गुण असा कीं, मनांतली खरी आवड पहिली लिहिल्यानें उमेदवाराचें नुकसान होत नाहीं.

परंतु अर्जाची पायरी मोकळीच राहिली. जागा हुकेल या भीतीनें एकेक विद्यार्थी शुल्क भरून अनेक ठिकाणीं अर्ज धाडतो. ते सारे नीट वाचणें अशक्य झाल्यानें केवळ परीक्षेच्या गुणांवर चाळणी लावण्याचा मोह होतो. जानेवारी २०२२ पासून पहिल्या परवाना-परीक्षेंत गुणांऐवजीं ‘उत्तीर्ण’ वा ‘अनुत्तीर्ण’ एवढेंच कळवितात. कान-नाक-घशाच्या शाखेनें २०२०–२१ च्या निवडीपासून दुसरा उपाय आरंभिला: उमेदवारानें मोजक्याच संस्थांस आपली विशेष पसंती आधीं कळवावी.

दोन्ही उपायांचें मर्म एकच. उमेदवारास खरें सांगतां यावें आणि निवडणाऱ्यास तें वाचावयास सवड असावी. यंत्र याद्या जुळवील. अर्जामागचा माणूस मात्र माणसानेंच पाहावयाचा असतो.